आबांच्या फोटोवरचं पदक

आमच्या घरी आजोबांच्या, म्हणजे आबांच्या फोटोला कबड्डीचं पदक अडकवलेलं असतं. त्याचा इतिहास लिहायचा म्हणून यंदा मी परंदवडीपासून कार्ल्यापर्यंतचे जुने खेळाडू गाठले. सगळ्यांचं उत्तर एकच, "तुमचा आजा? त्यो कुटं खेळला कधी?" मला त्यांचाच राग आला. शेवटी लोणावळ्यातल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने मुलींच्या संघाचा जुना फोटो दाखवला. मधोमध कप्तान म्हणून माझी आत्या उभी होती आणि तिच्या गळ्यात हेच पदक होतं.

घरी आलो, तर आत्या खंडेनवमीच्या पूजेसाठी तेच पदक चिंचेने घासत बसली होती.

"तुझं पदक आहे, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"आबा म्हनले, पोरगी चड्डीवर खेळती हे कळलं तर सोयरीक कोन आनंल? म्हून त्यांनी सोताचं सांगितलं."

सोयरीक कधी आलीच नाही. आत्या याच घरात म्हातारी झाली. आबांचा संताप आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. शाळेत 'माझे आजोबा' या भाषणात मी हेच पदक मिरवून पहिला नंबर आणला होता. ते भाषण माझ्याकडून घोकून घेतलं होतं आत्याने.