बुडालीस का, असं विचारलं होतं

लग्न होऊन पुणतांब्याला आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि डोक्यात नुसतं वारं. आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी बाप्तिस्त मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला सतरंजीवर समोर बसवलं आणि विचारलं, "मुली, तू बुडालीस का?"

मी म्हटलं, "हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. नाकातोंडात पाणी गेलं होतं."

"आणि वर आल्यावर काय वाटलं?"

"वाटलं, नवा जन्म झाला."

सगळ्यांच्या तोंडून एकदम "आमेन" निघालं. एका म्हातारबाबांनी तर डोळे पुसले. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत. लहानपणी मी राहुरीकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत पडले होते. ते थोरल्या बहिणीनं, दीनाताईनं, सासरी सांगितलं असेल आणि सुनेला फिटबिट येते का याची ही चौकशी असेल, अशी माझी समजूत. ते विचारत होते बाप्तिस्म्याचं, मी सांगत होते विहिरीचं.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. बाप्तिस्त मंडळीत बाप्तिस्मा कळत्या वयात, आपल्या तोंडानं विश्वास कबूल करून, सगळं अंग पाण्याखाली जाईल असा घेतात, आणि असं बुडालेल्यांनाच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर, मिळते. आमच्या माहेरची मंडळी दुसऱ्या पंथाची, तान्ह्या लेकरांच्या कपाळावर पाणी शिंपडणारी. आम्ही दोघी बहिणी तशाच शिंपडलेल्या, आणि दोघी एकाच घरात दिलेल्या. बहिणी होतो, त्या जावा झालो. ताईलाही हाच प्रश्न विचारला होता. तिनं सरळ सांगितलं, मी बुडालेली नाही आणि बुडणारही नाही. माझ्या आईनं मला हातावर धरून देवाला शब्द दिला, ते पाणी खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट फिरलं की ताई मागच्या खांबापाशी बसलेली असायची आणि ताट तिला वगळून जायचं. माझी चूक मला कळली ती त्या शनिवारनंतरच्या अशाच पहिल्या रविवारी, पण भाकरीचा तुकडा तोपर्यंत माझ्या हातात आला होता.

मी तो खाल्ला. पुढंही खात राहिले. नवऱ्याला, म्हणजे मास्तरांना, एकदा खरं सांगितलं, तर ते पोट धरून हसले. माझ्या थट्टा करण्याच्या सवयीमुळे माझं खरं कुणाला कधी खरं वाटलंच नाही. ताई मात्र गप्प राहिली. मला त्या विहिरीतून वेणीला धरून वर काढलं होतं तिनंच, त्यामुळं मी कुठल्या पाण्यात बुडाले ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आता मी भिंगारला मुलाकडं असते. यंदा थंडीत पुणतांब्याहून फोन आला. ताई खाटेला खिळली होती. तिथल्या मंडळीच्या तरुण पाळकानं (धर्मगुरूनं), अनिलनं, घरी जाऊन तिला प्रभुभोजन दिलं होतं, आणि आता आमच्या मंडळ्यांचा संघ त्यावरून सभा घेणार होता. सभा पुणतांब्यातच, आणि प्रश्न असा, की नियम मोडणाऱ्या मंडळीला संघात ठेवायचं का. मी पिशवी भरली. मुलगा म्हणाला, "आई, या वयात सभा कसली गाजवतेस?" मी म्हटलं, "गाजवायला नाही, बहिणीला बघायला चालले." दोन्ही थोडं थोडं खरं होतं.

भिंगारहून रिक्षानं तारकपूर स्टँड. तिथल्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. कोपरगावची गाडी लागली होती. कंडक्टरनं विचारलं, "आजी, पंच्याहत्तर झाली का? मग तिकीट नाही."

"अजून व्हायची आहे."

"बघून वाटत नाही."

"तुझ्याकडं बघूनही कंडक्टर वाटत नाही," मी म्हटलं, तर सगळी मागची सीट हसली. अर्धं तिकीट घेऊन बसले.

शेजारी पाथर्डीकडची एक बाई होती, मांडीवर लेकरू आणि पायाशी भांड्यांचं गाठोडं. कारखान्यावर चालली होती, नवरा आधीच तिथं कोपी (उसाच्या पाचटाची झोपडी) बांधून बसला होता. राहुरी मागं पडल्यावर तिनं विचारलं, "कुठवर?"

"पुणतांब्याला. सभा आहे."

"कोन पुढारी येनार हाय?"

"पुढारी नाही गं. देवाधर्माची सभा. भांडण आहे आमच्यात, पाण्यावरून. कुणी म्हणतं बुडवायचं, कुणी म्हणतं शिंपडायचं."

तिनं लेकराचं तोंड पुसलं. "आमच्याकडं पान्यावरून भांडनं हायेत, मावशे. पर तिथं पानीच न्हाई."

कोल्हारच्या पुलावर तिनं मला बोरं दिली, मी तिला शंकरपाळे दिले. नगर-मनमाड रस्ता आहे तसाच आहे. खड्डे चुकवत गाडी चालते की खड्डे शोधत, ते ड्रायव्हरलाच ठाऊक. राहात्याला उतरायचं होतं. मी झोपले. जाग आली तेव्हा शिर्डीची गर्दीही मागं पडली होती आणि खिडकीतून मळीचा आंबूस वास आत येत होता. म्हणजे कोपरगाव आलं. बाई उतरताना म्हणाली, "उठवनार हुते, पर लई गोड झोपल्या हुत्या."

कोपरगावहून वडापनं (खासगी जीपनं) उलटी निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागं इतका वेळ अडकलो की जीपमधल्या सगळ्यांची नावं आणि सगळ्यांचे आजार मला कळले. पुणतांब्यात उतरले तेव्हा ऊन कलत होतं. गोदावरीला बंधाऱ्यानं पाणी अडवलेलं, त्यावर हिरवी जलपर्णी, काठाला बगळे. याच पाण्यात आमच्या मंडळीचे बाप्तिस्मे व्हायचे. मी दर वेळी काठावर उभी राहून सगळ्यांत मोठ्या आवाजात गीत म्हणायची. बुडणाऱ्यांना टॉवेल द्यायचं कामही माझंच असे. इतक्यांना कोरडं केलं, पण स्वतः कधी ओली झाले नाही.

ताईच्या घरी शिरले. खाट दारातच, उन्हाच्या पट्ट्यात ओढून ठेवलेली. तिच्यावरची गोधडी सपाट होती, खाली माणूस आहे असं वाटत नव्हतं.

"सलाम, ताई."

"लीले? वाळली की गं."

"मी वाळले? तू आरशात बघ."

"आरसा काढून ठिवलाय सूनबाईनं. भ्याती मी." सून हसली, आणि मला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे, पातळ रश्श्यातले) वाढले. ताईनं दोन घास घेतले आणि वाटी बाजूला सारली. अनिलनं भाकर आणली त्या दिवसाचं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यानं इचारलं न्हाई, बुडालीस का. इचारलं, येशूवर भाव हाय का. म्या म्हनलं, हाय. मग दिली." वर म्हणाली, "त्याच्या मंडळीला भायेर काडू नगा म्हनावं. माझ्या एका घासापायी एवडं नगं."

दुसऱ्या दिवशी सभा. चर्चच्या अंगणात मांडव, खुर्च्या, आणि गावोगावच्या मंडळ्यांची ओळखीची तोंडं. अध्यक्ष दादासाहेब, म्हणजे कोपरगावचे जुने पाळक, मास्तरांचे मित्र. वाईट माणूस नाही. माझ्या नवऱ्याच्या खाटेपाशी अनेक रात्री बसलेला माणूस आहे. ते उठून शांतपणे बोलले.

"आपल्यात बिशप नाही. कुणी वरून हुकूम देत नाही. प्रत्येक मंडळी आपली आपण मोकळी आहे. मग आपल्याला एकत्र कशानं धरलंय? आपण सगळे एकच मानतो, एवढ्यानंच. पुणतांब्याच्या चर्चवरचे पत्रे वादळात उडाले तेव्हा कोपरगाव आलं, भिंगार आलं. का आलं? आपले म्हणून. आज एक जण आपल्या मनानं प्रभुभोजनाचं मेज सगळ्यांना उघडील, उद्या दुसरा बंद करील. मग आपलं असं काय राहील?"

त्यात खोटं काही नव्हतं. ते मलाही पटत होतं, आणि त्याचंच दुःख होतं.

अनिल उभा राहिला. पोरसवदा चेहरा. "मी नियम बदला म्हणत नाही. बाप्तिस्मा मी बुडवूनच देतो. पण ती म्हातारी मरायला टेकली होती, दादासाहेब. तिला मी काय सांगायला हवं होतं?"

मग मी उठले.

"दादासाहेब, नियमच धरायचा तर सगळ्या मंडळ्या संघाबाहेर काढा. कोपरगाव, भिंगार, सगळ्या. कारण मी सगळीकडं प्रभुभोजन घेतलंय, आणि मी बुडालेली नाही. विहिरीत पडले होते फक्त."

आणि ती सगळी गोष्ट सांगितली. मांडवात हशा पिकला. दादासाहेबही हसले. "वहिनी, मास्तर असते तर त्यांनी तुम्हाला खाली बसवलं असतं. थट्टेची वेळ नाही ही."

मी बसले नाही. हसूही आलं नाही. उभीच राहिले, तसा हशा एकेका खुर्चीवर विझत गेला. दादासाहेबांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "मग वहिनी, अवघड काय आहे? बंधाऱ्यात पाणी आहे. उद्या सकाळी मी स्वतः तुम्हाला बाप्तिस्मा देतो. झालं गेलं विसरू."

"आणि ताईला?"

ताईला खाटेवरून उचलता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तिनं आईचं पाणी खोटं म्हटलं नसतं. हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग जेवणाची सुट्टी झाली. बाजरीच्या भाकरी, भरीत, शेंगदाण्याची आमटी. एका पंगतीत सगळे, एकाच टोपल्यातल्या भाकरी. एकमेकांना आग्रह चालला होता. दादासाहेबांनी अनिलच्या ताटात स्वतः आमटी वाढली, अनिलनं खाली मान घालून खाल्ली.

दुपारी ठराव झाला. पुणतांब्याची मंडळी तूर्त संघात नसावी. माझं प्रकरण कुणी काढलं नाही. हात वर झाले तेव्हा काही हात अगदी सावकाश वर गेले, पण गेले.

सभा संपताना चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पुणतांब्याची माणसं उठून बाहेर गेली, आपल्याच चर्चमधून, आपल्याच चपला शोधत. मी आत गेले आणि मागच्या खांबापाशी सतरंजीवर बसले, ताईच्या जागेवर. इतकी वर्षं पुढं बसून मला कळलं नव्हतं, की तिथून मेज दिसत नाही. दिसतात फक्त पाठी. ताट घेऊन दादासाहेब माझ्यापर्यंत आले. हात थांबला. मला वाटतं, मी पुढं केला असता तर त्यांनी मला भाकर दिली असती. मी मान हलवली. ते तसेच उभे राहिले, डोळ्यांत पाणी होतं, आणि मग पुढं गेले.

तिथून उठून ताईकडं गेले. ठराव सांगितला, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मग मी सांगितलं की आज मीही नाही घेतलं, तुझ्या जागेवर बसले होते. मला वाटलं, ती बरं म्हणेल. म्हातारपणीही माझं शहाणपण रिबिनी बांधून फिरत होतं. ती जे बोलली ते घेऊनच मी निघाले.

परतीची गाडी राहात्याहून मिळाली. स्टँडवर पेरूवाल्यानं तिखटमीठ लावून पेरू दिला, तो नगर येईपर्यंत तसाच मांडीवर राहिला. कंडक्टर दुसराच होता, वय विचारलं नाही. खिडकीतून ऊस, उसानंतर माळ, माळानंतर दिवे लागलेली गावं. मी दादासाहेबांवर रागवायचं ठरवत होते, जमलं नाही. एक राहायचं म्हणून ते एकेकाला बाहेर ठेवत होते, आणि प्रत्येकाबरोबर स्वतःही थोडे बाहेर जात होते. अनिलवर रागवणं तर शक्यच नव्हतं. राहिले मी. मला वाटलं होतं, ताईच्या शेजारी जाऊन बसलं की तिचं एकटेपण निम्मं होईल.

नाताळाच्या आधी ताई गेली. मातीला दादासाहेब आले होते, अनिलही होता. दोघांनी एकाच पुस्तकातून गीत म्हटलं आणि कबरीवर माती टाकून दोघं दोन वाटांनी गेले. ठराव अजून तसाच आहे. मला बंधाऱ्यावर चला म्हणून निरोप येतात, मी गुडघेदुखी सांगते. भिंगारच्या चर्चमध्ये ताट आलं की मी ते पुढं देते, आणि त्या संध्याकाळी गोधडीतून हात काढून, माझी वेणी जिथं असायची तिथं मानेला धरून, ताई जे म्हणाली ते मला दर वेळी ऐकू येतं:

"येडी ती येडीच राह्यलीस, लीले. तू खायाचीस तवा म्या मागून बघायची आन् म्हनायची, आपल्यातलं एक तरी आत हाय. आता दोगीबी भायेर."