गाडी गेल्यावर शाळा

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. नंदुरबारच्या अलीकडे आमचा मिरचीचा मळा होता आणि आम्ही मळ्यातच राहायचो. गावातल्या शाळेची घंटा तिथवर ऐकू येत नसे. शाळेच्या वाटेत रेल्वेचे रूळ होते. एकदा कुणाची म्हैस तिथे कापली गेली, तेव्हापासून मळेकऱ्यांचा दंडकच झाला होता. सकाळची गाडी शिट्टी देऊन गेली, की मगच पोरांनी रूळ ओलांडायचे. तीच आमची घंटा आणि तेच घड्याळ.

त्या शिवारातून शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच. आबा म्हणायचे, पोरीला काय चूल वाचायची आहे? माय मात्र हट्टाला पेटली होती. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पाऊस असो की मिरचीची तोडणी, गाडी गेली की ती मला वाटेला लावायची. शेवटी आबांनी कबूल केलं, यंदा पास झाली तर पुढे शिकवू, नाहीतर घरी बसवू.

परीक्षा घ्यायला वर्षातून एकदा दिपोटी साहेब यायचे. त्या दिवशी मायने चापूनचोपून माझी वेणी घातली, धुतलेला परकर नेसवला. मी मांडीवर पाटी घेऊन ओट्यावर बसले. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे दिवस किती वर आला ते कळत नव्हतं. मी सारखी उठायला बघत होते.

"बस. गाडी नही वनी अजून," माय म्हणाली. "आज तू सगळास्ना पहिले पोचशी."

किती खुशीत होती ती.

शिट्टी झाली, गाडी गेली, तशी मी पळत सुटले. शाळेपाशी पोचले तर साहेबांचा टांगा पुढच्या गावच्या रस्त्याला लागलेला. वर्षभर एक दिवस न चुकलेली पोर आहे, असं ओरडत गुरुजी टांग्यामागे धावले. टांगा थांबला नाही. धापा टाकत परत आलेले गुरुजी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, आज गाडीच उशिरा आली गं."

आबा वाईट नव्हते, पण शब्दाचे पक्के. "आते बस झायं," एवढंच म्हणाले. माय त्यांच्याशी भांडली नाही. ती चुलीपुढे बसून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत राहिली. त्या गाडीचा मला आजही राग येतो. लोखंडावर राग धरणं हा वेडेपणा आहे, पण मी धरते.

शेवटच्या दुखण्यात माय माझ्याकडे होती. कुणाला ओळखत नसे. माझं सासरही रुळांजवळच. शिट्टी ऐकली की ती धडपडून उठायची.

"पोरी, पाटी ले. गाडी गई."

मी पदर खोचून दारापर्यंत जायची, जरा वेळ बाहेर उभी राहायची आणि परत यायची.

"टाइमवर पोचनी ना?"

"हो माय. सगळास्ना पहिले."

मग ती पाणी प्यायची.