माल थंड हाय

मंगळवार, मे महिना. थिएटरमध्ये हजर: सर्जन, भूलतज्ज्ञ, मी आणि टेबलावर रेणापूरची बाई. नांदेडहून औषध आणणारा माणूस यायचा होता.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आठ वर्षं तो एसटीनं येतो, बर्फाचा डबा मांडीवर धरून. चहा पितानाही डबा दोन पायांच्या मध्ये असतो. नमस्काराआधी म्हणतो, "माल थंड हाय, सिस्टर." माल म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन, न जुळणाऱ्या हाडाशी ते ठेवलं की नवं हाड धरतं. तासाभराच्या वाटेवर राहिला की चाकूरहून तो हेच वाक्य फोनवर सांगतो आणि आम्ही पेशंटला भूल देतो.

आजही तसंच केलं. चाकूरच्या पुढे बस दोन तास उन्हात बंद पडली. तो आला आणि आज आधी नमस्कारच केला. डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं.

"वापरू या," सर्जन म्हणाले. "दुसरा माल महिन्यानं येईल. तोवर हिचा पाय राहत नाही."

"न्हाई, सर. मेला ह्यो माल."

"तुला काय कळतं? तुझं काम आणून द्यायचं."

"हाव. आणून देतो म्हनूनच कळतं."

त्यानं बाटली उघडून बेसिनमध्ये ओतली आणि रिकामी बाटली पुसून डब्यात ठेवली. मला त्याचा राग आला. त्याचं बरोबर होतं, हेही कळत होतं.

बाईला भूल कमरेखालीच होती. पडद्यामागून तिनं विचारलं, "आलं का वो औषध?"

हत्यारं मोजून उचलली. बेसिन धुतलं. रजिस्टर भरलं. तिला उत्तर द्यायचं राहिलंय.