न कापलेलं चीवर

धाकटीला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती, तरी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. थोरली जाऊन वर्ष होत आलं होतं, पण लोकांच्या तोंडी एकदा बसलेलं नाव थोडंच उठतं! दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे काउंटर, मधोमध कापायचं लांबलचक टेबल, खिडकीशी मशीन आणि मागे दोन खाटांची खोली. थोरलीने मापं घ्यायची, खडूने आखायचं, कापायचं. धाकटीने शिवायचं. एकोणचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं.

ह्या वाटणीला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी धाकटीने हौसेने एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड कापायला घेतलं आणि पुढचे दोन्ही भाग डावेच कापून ठेवले. थोरली इतकी हसली की स्टुलावरून उतरून जमिनीवर बसली. "आता दोन डाव्या अंगांचा माणूस कुठून आणायचा गं?" म्हणाली. मग तिने कात्री काढून घेतली. "तू शीव. कापायचं माझ्याकडे." हे प्रेमानेच म्हटलेलं होतं, त्यात शंका नाही. पण काही प्रेमं माणसाला जन्मभर अर्धवट ठेवतात, हेही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. धाकटीची टीप अशी सरळ की पाहत राहावं, आणि कात्री हातात आली की बोटं गार पडायची.

थोरली गेल्यावर धाकटी नवे कपडे घेईना. चेन बदलून द्यायची, उसवलेलं शिवून द्यायची, पँट लांब असली तर जादा कापड कापायच्या ऐवजी आत दुमडून टाकायची. लोकांना वाटलं, बहिणीच्या दुःखात आहे बिचारी. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. दुकानात कापणारं कुणी उरलं नव्हतं आणि हे सांगायची तिला लाज वाटत होती.

थोरलीची मुलगी दुसऱ्या गावी इस्पितळात नर्स होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "मावशी, पुरे झालं आता. चेन बदलून का दुकान चालतं? ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येते, आपण सगळं आवरू. माझ्याकडे राहा." पोरगी मायेने बोलायची आणि तिचं काही चुकतही नव्हतं. धाकटी "बघू" म्हणून वेळ मारून न्यायची. ह्या दोन खोल्यांबाहेर आपण कोण, हे तिला माहीत नव्हतं.

शिवाय टेबलाचं काय करायचं? टेबलावर वर्षभर एक खाकी कागद पसरलेला होता, चारी कोपऱ्यांवर लोखंडी वजनं. त्याखाली निळसर करड्या रंगाचं कापड होतं, धाकटीच्या ड्रेसचं. थोरलीने त्या सकाळी तिचं माप घेतलं होतं. "हलू नकोस. लहानपणापासून सांगतेय, माप देताना हलू नकोस," असं खेकसून घेतलं होतं. मग कापड आखलं, खडू ठेवला, आणि कात्री उचलायच्या आधी छातीत कळ आली. इस्पितळातून ती परत आली नाही. धाकटीने कागद घातला तो पुन्हा उचलून पाहिला नाही. मशीनवर बसून, सगळं काम मांडीवर घेऊन ती दिवस काढत होती.

अशात एके दिवशी ग्रंथपाल आले. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून गल्लीच्या टोकाच्या विहाराची व्यवस्था तेच बघत. त्यांच्या हातात विटकरी रंगाच्या कापडाचा गठ्ठा होता आणि चेहऱ्यावर लगीनघाई.

"मोठे भंते येताहेत," ते म्हणाले. "चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. लोक दोन-दोन दिवस प्रवास करून त्यांना नुसतं बघायला येतात. त्यांना चीवर द्यायचंय. विहाराचे पडदे तुम्ही बहिणींनीच शिवले होते, मग दुसरीकडे कशाला जायचं?"

चीवर म्हणजे भिक्षू अंगाभोवती घेतात ते वस्त्र. धाकटीने मनात हिशेब केला, मोठा चौकोन, चार बाजूंना चार टिपा. "देते की," ती म्हणाली.

मग ग्रंथपालांनी खिशातून कागद काढला. त्यावर पेन्सिलीने आखलं होतं: पाच उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी मध्ये आडवी कापून पुन्हा जोडलेली, भोवती किनार. "अखंड कापडाचं चालत नाही बरं का. आधी तुकडे करायचे, मग जोडायचे. तसा नियमच आहे."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. पण शब्द गेला होता. 'मला कापता येत नाही' हे ह्या वयात, ह्या दुकानात उभं राहून सांगायचं? त्यापेक्षा तिने सुई गिळली असती.

तीन दिवस ती त्या कापडासमोर बसली. कात्री दोनदा काढली, दोनदा ठेवली. तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. जिथे जोड हवा तिथे कापड मागून चिमटीएवढं दुमडायचं, वरून दुहेरी टीप मारायची आणि गरम इस्त्री फिरवायची. बघणाऱ्याला वाटावं, इथे दोन तुकडे जोडलेत. संध्याकाळपर्यंत पाच पट्ट्या, मधले जोड, किनार, सगळं कागदावरच्यासारखं तयार झालं. कात्री लागलीच नव्हती. दोरा तोडायलासुद्धा तिने दात वापरले. घडी घालताना मात्र तिला हुशारी केल्यासारखं वाटलं आणि चोरी केल्यासारखंही.

कार्यक्रमाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटी मागे, चपलांच्या मांडणीपाशी उभी राहिली. भंते ठेंगणे होते, पाठीत वाकलेले, कान मोठे. ग्रंथपालांनी चीवर त्यांच्या हातांवर ठेवलं. लोकांनी हात जोडले. भंते काही पुटपुटले, मग त्यांची बोटं घडीच्या कडेवरून सरकली आणि एका जोडापाशी थांबली. त्यांनी ती कड उलटी करून बघितली. मग गर्दीवरून नजर फिरवली. धाकटीने ओळखलं, ती बोटं शिवणाऱ्याची होती.

कार्यक्रम आटोपल्यावर बोलावणं आलंच. आतल्या खोलीत भंते खुर्चीत बसले होते. चीवर मांडीवर उघडलेलं होतं. ग्रंथपाल दाराशी उभे होते.

"टीप तुमची?" भंतेंनी विचारलं.

"हो, भंते."

"फार सुरेख आहे. तरुणपणी मी माझी चीवरं स्वतः शिवायचो. अशी टीप मला कधी जमली नाही." ते खरंच कौतुकाने बघत होते. "पण कापलं कुठे?"

"कापलंय की," धाकटी म्हणाली. आयुष्यात खोटं बोलायची वेळ कमी आली होती, त्यामुळे तिला ते धड जमलंही नाही.

भंतेंनी कापड खिडकीच्या उजेडात धरलं. "मग हा आडवा धागा बघा. ह्या पट्टीतून निघाला, जोडाखालून गेला आणि पुढच्या पट्टीत तोच आला. कापलेल्या कापडात असा कसा जाईल?"

ग्रंथपालांनी कपाळावर हात मारला. मग धाकटी सगळं बोलली. दोन डावे भाग, थोरलीची कात्री, वर्षभर दुमडलेल्या पँटी, सगळं. बोलताना रडली आणि रडण्याची लाज वाटून रागावलीसुद्धा. "एवढं चांगलं कापड! तुकडे करून पुन्हा जोडायचे, ह्यात काय अर्थ आहे, तुम्हीच सांगा!"

भंते हसले. "पूर्वी म्हणे अखंड चीवरं चोर न्यायचे. कापलेल्याला बाजारात कोण विचारतो? आणि घालणाऱ्याचाही जीव त्यात अडकत नाही." मग म्हणाले, "मला हे घालता येणार नाही."

"मी दुसरं मागवतो, भंते," ग्रंथपाल घाईने म्हणाले.

"नको. हेच घालायचंय मला. उद्या सकाळी आपण दोघे ह्यांच्या दुकानात जाऊ."

धाकटीला वाटलं, मोठी माणसं बोलतात असं. पण सकाळी ती दुकानाची फळी उघडते तोच दोघे दारात हजर. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच फेस सोडून बघायला बाहेर आला.

भंतेंनी दुकान बघितलं, मशीन बघितलं. "टेबलावर पसरू या?"

"ते... टेबल रिकामं नाही," धाकटी म्हणाली. "खाली आखलेलं कापड आहे. हलवलं तर खडू पुसला जाईल."

"कुणाचं माप?"

"माझंच."

भंतेंनी मान हलवली. "मग खाली बसू." आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस भिंतीला धरत, गुडघे कडकड वाजवत, जमिनीवर बसलासुद्धा. ग्रंथपाल "अहो, अहो" करत राहिले.

आधी सगळं उसवायला हवं होतं. धाकटी एका बाजूने उसवू लागली, भंते दुसऱ्या. ते हळू उसवायचे, पण एकही धागा कापडात राहू द्यायचे नाहीत. ग्रंथपालांना दोरे गोळा करायचं काम दिलं. ते त्यांनी पुस्तकं लावावीत तशा शिस्तीने केलं.

"माझे गुरू गेले," भंते उसवता उसवता म्हणाले, "तेव्हा त्यांचं चीवर मी दोन वर्षं उशाशी ठेवलं होतं. कुणाला हात लावू देत नव्हतो. लोकांना मी सांगायचो, कशात अडकू नका. आणि माझ्या उशाशी ते."

"मग?"

"मग एका पावसाळ्यात त्याला कसर लागली. जे उरलं त्याची मी फरशी पुसायची फडकी केली."

"रडलात?"

"आधी रडलो. मग फरशी पुसली."

धाकटीला एकदम हसू फुटलं. वर्षभरात त्या दुकानात कुणी हसलं नव्हतं.

कापड मोकळं झालं. तिने टेप लावून खडूने रेघ मारली, थोरलीची कात्री काढली आणि तशीच बसून राहिली. बोटं गार पडली होती.

"काय हवंय?" भंतेंनी विचारलं.

"टोक धरायला कुणीतरी लागतं," धाकटी म्हणाली. "ताई कापायची तेव्हा मी समोरून टोक धरायची. ताणून. एकोणचाळीस वर्षं मी तेच केलं. माझं टोक कोण धरणार?"

भंते पुढे सरकले, दोन्ही हातांनी कापडाचं टोक धरलं आणि ताणलं. "एवढं बस्स? का अजून?"

"थोडं अजून."

कात्री चालली. पहिला कचकन आवाज झाला तेव्हा तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी कापायचं नसतं हे लक्षात येऊन लगेच उघडले. पट्टी निघाली. मध्ये बोटभर वाकडी गेली होती.

"वाकडी गेली," ती रडवेली होऊन म्हणाली.

"माझी पाठ बघा," भंते म्हणाले. "हिच्यावर सरळ कापड काय शोभणार? पुढची घ्या."

पाचवी पट्टी सरळ निघाली. भंतेंचे हात तोवर थरथरू लागले होते, पण टोक सैल पडलं नव्हतं. निघताना ग्रंथपालांनी त्यांना दोन्ही काखांत धरून उठवलं. दाराशी ते थांबले आणि टेबलावरच्या खाकी कागदाकडे एकदा बघितलं. धाकटीने त्यांना वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी भंते गाव सोडून गेले तेव्हा त्यांच्या अंगावर धाकटीने पुन्हा जोडलेलं तेच चीवर होतं. वाकडी पट्टी नेमकी डाव्या खांद्यावर आली होती. न्हाव्याने नाक मुरडून म्हटलं, "जरा वाकडं नाही वाटत?" धाकटी म्हणाली, "वाकडंच आहे. मी कापलंय."

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. भाची दोन रिकामी खोकी घेऊन आली. तिने बाह्या वर केल्या आणि सरळ टेबलाकडे वळली. "मावशी, आधी हे आवरू या?"

"खोकी खाली ठेव," धाकटी म्हणाली. तिने स्वतः चारी वजनं उचलली आणि कागद बाजूला केला. खडू फिका झाला होता, पण रेघा दिसत होत्या. भाचीने वाकून पाहिलं. लहानपणापासून ह्याच टेबलाखाली खेळलेली पोर ती, तिला आखणी वाचता येत होती.

"हे काय गं? आईने चुकीचं आखलंय," ती म्हणाली. "बघ, मापाच्या रेघेबाहेर कडेला दोन बोटं जास्त सोडून दुसरी रेघ मारलीय. खाली तर चार बोटं. असं तर ती फक्त शाळकरी पोरांच्या कपड्यांना सोडायची, अंग वाढेल म्हणून."

धाकटीने रेघेवरून बोट फिरवलं. खांदा, कड, घेर. दोन बोटं, चार बोटं. हाताला चूक माहीत नव्हती थोरलीच्या. तिला भरून आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"सत्तावन्न वर्षांची होतीस तू तेव्हा!" भाचीचाही आवाज ओला झाला होता. "कुठे वाढणार होतीस?"

"ते तुझ्या आईला विचार," धाकटी म्हणाली. तिने डोळे पुसले आणि कात्री घेतली. "जा, तिकडून टोक धर. ताणून धर. आणि हलू नकोस."

मग तिने बाहेरच्या रेघेवरून कापायला सुरुवात केली.