रडायचं काम

अमेरिकेतल्या आमच्या मेडिकल कॉलेजात वाईट बातमी कशी सांगायची, याचा सराव नटनट्यांवर करून घेतात. माझ्यासमोर आली ती पन्नाशीची अमेरिकन बाई. तिच्या पहिल्याच सिनेमाचं भारी कौतुक झालं होतं म्हणे. मग मिळाल्या त्या फक्त रडणाऱ्या बायकांच्या भूमिका, पुढे त्याही आटल्या.

"तुमचे मिस्टर गेले," मी म्हटलं. स्वेटरची बाही मुठीत धरून ती रडू लागली. खोटं आहे हे ठाऊक असूनही मला राहवेना. घरच्या सवयीनं मी उठून तिला पाणी दिलं.

ती एकदम थांबली.

"कॅमेऱ्यासमोर इतकी वर्षं रडले. सगळे म्हणायचे, सुंदर, आता पुन्हा एकदा. पाणी कुणी दिलं नव्हतं."

ग्लास रिकामा करून तिनं डोळे पुसले आणि पुढच्या विद्यार्थ्याला आत पाठवायला सांगितलं. त्यालाही तीच बातमी द्यायची होती.