केळी गाडीतच राहिली

१५ जुलै २००६, शनिवार. सहा तासांच्या बोटीचं भाडं सातशे ऐंशी डॉलर, निम्मं आमचं, निम्मं भाऊजींचं. बोटीवर आम्ही सहा जण होतो: माझी आई, ताई, ताईचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, माझी बायको, आमची अकरा वर्षांची मुलगी आणि मी. शिवाय कॅप्टन आणि त्याचा मदतनीस. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नंतर आमच्या घरात या दिवसाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. त्यातल्या एकीत मी भाऊजींच्या अंगावर धावून गेलो होतो, आणि दुसरीत आईला मुळी काही झालंच नव्हतं.

आई त्या वर्षी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अ‍ॅशबर्नला आली होती. वय एकाहत्तर. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. गाडी लागण्याचा तिचा इतिहास मला लहानपणापासून पाठ आहे. कुठलाही घाट आला की ती बोलायची बंद व्हायची, मग जांभया, मग ओठावर घाम, आणि मग खिडकी. त्यामुळे न्यू जर्सीहून भाऊजींचा फोन आला, ‘आईंना समुद्रात मासेमारीला नेऊ या, बोट बुक केलीय,’ तेव्हा मी आधी आमच्या डॉक्टरांना फोन केला. कानामागे लावायच्या औषधाच्या पट्टीला त्यांनी या वयात नको म्हणून सांगितलं. साधी गोळी चालेल, अर्धी आदल्या रात्री, अर्धी बोट सुटायच्या तासभर आधी. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही भरायचं नाही. आत बसायचं नाही, मागच्या बाजूला मध्यावर, वाऱ्यावर बसायचं, आणि नजर लांब क्षितिजावर ठेवायची. एकदा उलटी सुरू झाली की गोळी पोटात टिकत नाही, त्यामुळे जे करायचं ते आधीच करायचं. यात अवघड काय आहे? काहीही नाही. फक्त कुणीतरी ते करू दिलं पाहिजे.

आमच्या घरात जावयाला ‘नाही’ म्हणत नाहीत. बाकी सगळ्यांना म्हणतात. माझ्या वडिलांना आई खुशाल ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणायची, पण जावईबापूंनी मीठ कमी पडलेल्या आमटीला छान म्हटलं तर ती आमटी आमच्याकडे तशीच होत राहायची. एकच जावई, त्यामुळे सगळा मान एकट्याला. ताईच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती, आणि चोवीस वर्षांत त्यांचं एकही म्हणणं कुणी खोडलेलं मला आठवत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही समुद्राजवळच्या मोटेलवर पोहोचलो. जेवण झाल्यावर मी आईच्या हातावर अर्धी गोळी ठेवली.

‘हे काय?’ भाऊजींनी विचारलं.

‘बोट लागू नये म्हणून.’

‘अरे, कशाला? त्याने झोप येते. आई काय झोपायला आल्यात का इथे? आई, मी सांगतो साधा उपाय. पोट रिकामं ठेवायचं. आत काही नसेल तर बाहेर काय येणार?’

सगळे हसले. आईसुद्धा. ‘उद्या माझा शनिवारच आहे,’ ती म्हणाली, ‘म्हणजे आपोआपच झालं की.’ आणि तिने ती अर्धी गोळी माझ्या तळहातावर परत ठेवली.

मी म्हटलं, ‘आई, डॉक्टरांनी सांगितलंय.’ तिने माझ्याकडे डोळे मोठे केले. हे डोळे मला माहीत आहेत. याचा अर्थ, पाहुण्यांसमोर वाद नको. चोवीस वर्षांनंतरही ते पाहुणे.

रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. पोटात आम्ल तेवढं उरतं आणि तेच वर येतं. हे मी तिथे सांगितलं. भाऊजी म्हणाले, ‘तू फार वाचतोस.’

शनिवारचा उपास असला तरी तिच्या पोटात काहीतरी असावं म्हणून मी सोय केली होती. साध्या खारट बिस्किटांचा पुडा घेतला होता, पण तो गव्हाचा, उपासाला चालत नाही. केळं चालतं. म्हणून सकाळी बर्फाच्या पेटीत, कूलरमध्ये, सहा केळी वर ठेवली. आलं किसून, साखरेत आटवून बायकोने वड्या केल्या होत्या, त्याही होत्या. चहा तेवढा आईने घेतला, आणि त्यावर रक्तदाबाची गोळी. केळं बोटीवर खाते म्हणाली.

धक्क्यावर भाऊजींनी कूलर उघडला आणि हात मागे घेतला.

‘केळी? अरे, वेडा आहेस का? केळी घेऊन बोटीवर जातात का कुणी?’

मला काही समजेना. त्यांनी समजावलं. मासे पकडणारे लोक केळं अपशकुनी मानतात. केळं बोटीवर असलं की मासा लागत नाही, इंजिन बिघडतं, काहीही होतं. कॅप्टन तिथेच दोर सोडत होता. तो हसला आणि म्हणाला, खरं सांगायचं तर नसलेली बरी. तो अर्धा गमतीत होता. भाऊजी अजिबात गमतीत नव्हते.

मेकॅनिकलमध्ये मास्टर्स केलेला माणूस. आदल्या दिवशी जेवताना त्यांनीच आईला विचारलं होतं, ‘आई, देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय का, तुमचा शनिवार बघायला?’ ती बिचारी लाजून हसली होती. तिच्या उपासाची टिंगल चालते, पण समुद्राचा देव मात्र केळी मोजतो!

‘भाऊजी, तिला तेवढंच चालतं.’

‘सहा तासांचा प्रश्न आहे, यार. उपाशी कुणी मरत नाही.’

‘राहू दे रे,’ आई म्हणाली. ‘ते म्हणतात तर राहू दे.’

केळी पिशवीत घालून भाऊजी स्वतः गाडीत ठेवून आले. चालत नाही, धावत.

मासे मिळतात तिथवर जायला दीड तास लागला. मी आईला मागे बसवलं होतं, वाऱ्यावर. दहा मिनिटांत भाऊजी आले. ‘आईंना उन्हात काय बसवलंयस? साडी भिजतेय त्यांची. आई, आत या.’ आत म्हणजे केबिन, तिथे डिझेलचा वास आणि खिडकीला मिठाचे डाग, बाहेरचं काही दिसत नाही. बोट लागायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. मी तिला बाहेर आणलं. त्यांनी पुन्हा आत नेलं. तिसऱ्यांदा आई म्हणाली, ‘मी बसते इथेच, तुम्ही मासे पकडा.’

चालती बोट तरी बरी असते. इंजिन बंद करून नांगर टाकला की ती एका जागी डोलायला लागते, पुढे-मागे आणि आडवीही. मी केबिनच्या दारातून बघितलं तेव्हा आई जांभई देत होती. मग लगेच दुसरी जांभई. मी तिला उचलूनच बाहेर आणलं. तिचा हात गार होता.

पहिल्या उलटीत चहा पडला. त्यानंतर काहीच पडण्यासारखं नव्हतं, तरी शरीर थांबेना. हिरवं, कडू पाणी. मग तेही नाही, नुसते उमासे. एका हाताने मी तिचं कपाळ धरलं होतं आणि दुसऱ्याने कंबर, कारण कठडा तिच्या मांडीएवढाच उंच होता. बायको मानेवर ओला नॅपकिन ठेवत होती. मी आल्याची वडी दिली, ती गेली. बिस्किटाचा तुकडा पुढे केला तर त्या अवस्थेतही तिने मान हलवली, शनिवार. नाइलाजाने गोळी दिली, ती दोन मिनिटांत समुद्रात.

आणि मागून आवाज आला, ‘वा! आईंनी माशांना नैवेद्य दाखवला!’

भाऊजींच्या हातात हँडीकॅम होता. ते शूटिंग करत होते.

‘भाऊजी, कॅमेरा बंद करा.’

‘अरे, मजेत घे ना. नंतर बघून त्याच हसतील.’

माझी मुलगी म्हणाली, ‘काका, दॅट्स नॉट फनी.’

‘ओके, ओके, मॅडम,’ ते म्हणाले, आणि अजून थोडं शूटिंग करून मग बंद केला.

त्यानंतर त्यांच्या गळाला मासे लागायला लागले. एक, दोन, मग ताईच्या गळाला एक. केळ्यांचा निर्णय किती बरोबर होता हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आई बाकावर आडवी होती. प्रत्येक वेळी मी ‘परत जाऊ या’ म्हटलं की ती म्हणायची, ‘माझ्यामुळे नको.’ मग ती तेही म्हणायची बंद झाली. मी विचारलं, ‘आई, पाणी?’ उत्तर नाही. डोळे अर्धवट. सकाळची रक्तदाबाची गोळी पोटात, आणि बाकी पाण्याचा थेंब नाही. मला भीती होती ती रक्तदाब एकदम खाली जाण्याची.

‘बाबा, शी इज नॉट ओके,’ मुलगी म्हणाली. ‘शी इज नॉट इव्हन टॉकिंग.’

मी कॅप्टनकडे गेलो. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तेव्हा वळवतो, पण बुकिंग त्या साहेबांच्या नावावर आहे, त्यांना सांगू दे. आणि पैसे परत मिळणार नाहीत.

भाऊजी म्हणाले, ‘अरे, आता तर मासे लागतायत! निघायला दोनच तास राहिलेत. किनाऱ्यावर गेल्या की होतील बऱ्या. सगळ्यांनाच होतं हे. एवढे पैसे काय पाण्यात टाकायचे?’

‘तुमचा निम्मा वाटा मी देतो. बोट वळवायला सांगा.’

‘तू मला पैशाचं बोलतोस? मला?’

‘हो. तुम्हालाच.’

आणि तेव्हा आईने डोळे उघडले. तासभर जिला पाणी मागता येत नव्हतं तिने मान उचलली आणि म्हणाली, ‘गप बस. जावयाशी असं बोलतात का?’

भाऊजींचा मला राग होताच, पण त्या क्षणी आईचा आला तसा त्यांचाही आला नव्हता. उरलेली सगळी ताकद तिने त्यांच्या मानासाठी खर्च केली. मी म्हटलं, ‘आई, जावई नंतर सांभाळ. आधी तू जिवंत राहा.’

मग ताईने हातातला रॉड खाली ठेवला. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, ‘अहो, वळवायला सांगा. माझी आई आहे ती.’ तिच्या तोंडून मी असं वाक्य आधी ऐकलं नव्हतं. भाऊजींनी कॅप्टनकडे बघून हात हलवला, जसा वेटरला बिलासाठी हलवतात तसा.

परत येताना वारा समोरून होता. आईला मी मागे मध्यावर, माझ्या छातीला टेकवून बसवलं. धक्क्यावर गाडीतलं रक्तदाबाचं यंत्र लावलं, वरचा आकडा नव्वदच्या खाली. डॉक्टरांना फोन केला. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजा म्हणाले, पाय वर ठेवा, तासाभरात आकडा चढला नाही तर इमर्जन्सीत न्या. बायकोने चमचा धरला. तासाभरात आकडा एकशे दहावर आला. मग आईने अर्धं केळं खाल्लं. बंद गाडीत तापून त्याला काळे डाग पडले होते.

मी पाकीट काढलं तेव्हा भाऊजी म्हणाले, ‘ठेव तुझे पैसे.’ मासे साफ करून घेऊन ते ताईबरोबर न्यू जर्सीला गेले. माझ्याशी ते नंतर सहा आठवडे बोलले नाहीत. आई रोज म्हणायची, ‘सॉरी म्हणून टाक.’ मी म्हणायचो, ‘कशाबद्दल?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ऑगस्टच्या शेवटी ताईकडे गणपतीला गेलो, आईसाठी. तीसेक माणसं होती. आरती झाली, जेवणं झाली, आणि भाऊजींनी टीव्हीला हँडीकॅम जोडला. लोक हसले. ते काही वाईट लोक नव्हते, ओकणाऱ्या माणसाला बघून हसू येतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तीही तोंडाला पदर लावून हसत होती, कारण जावई हसत होते.

‘महागाचा सिनेमा आहे हं,’ भाऊजी सगळ्यांना म्हणाले. ‘तिकीट तीनशे नव्वद डॉलर. आमच्या मेव्हण्याने कबूल केलेत, अजून दिले मात्र नाहीत!’

मी गाडीत जाऊन चेकबुक आणलं आणि सोफ्याच्या हातावर टेकून चेक लिहिला.

‘अरे, गंमत केली,’ ते म्हणाले.

‘घ्या.’

त्यांनी तो घेतला, घडी केली आणि झब्ब्याच्या खिशात ठेवला. वाटेत बायको म्हणाली, वटवणार नाहीत ते. मंगळवारी माझ्या खात्यातून तीनशे नव्वद डॉलर वजा झाले, भाऊजींच्या नावे.