दारावरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वडिलांना नाही, जिच्याशी रोज रात्री फोनवर भांडते त्या मैत्रिणीलाही नाही. लिहून मात्र पुष्कळ ठिकाणी टाकलं — आणि प्रत्येक ठिकाणी मधली एक गोष्ट गाळली. ती गाळली की बाकीचं फार छान वाचता येतं. टाळ्या पडतात. म्हणून आधीच सांगते, पुढे जे येईल त्यात संताप बराच आहे. माझ्या लिखाणात तो नेहमीच असतो. या वेळी त्याचं तोंड कुणाकडे आहे ते तुम्हीच बघा.

मी निपाणीची. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील विडी कामगारांच्या बाजूने पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, आणि आम्ही भावंडं जेवणं झाल्यावर त्यांच्या घड्या घालत बसायचो. छपाईच्या शाईचा वास माझ्या लहानपणाचा वास आहे. वडिलांचा एकच दंडक होता — पत्रकाच्या तळाशी नाव पाहिजे. ज्याला नाव द्यायची हिंमत नाही त्याने दुसऱ्याविरुद्ध एक ओळही लिहू नये. हे वाक्य मी बंगळूरला घेऊन आले. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी धरली, आणखी एका मुलीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले, आणि संध्याकाळी लेख लिहू लागले. कशावर? पाळतीवर. घराघरांत कॅमेरे लावून कामवाल्या बायकांवर नजर ठेवणाऱ्या लोकांवर. तुम्ही कदाचित वाचलेही असतील.

तर असं लिहिणाऱ्या मला माझ्या आतेभावाने कॅमेरा लावायला बोलावलं. आणि मी गेले.

आत्या जे. पी. नगरमध्ये राहते. तिच्या यजमानांची, म्हणजे काकांची, सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी, तेव्हापासून ती इथलीच. तिच्या मराठीत कन्नडमधले ‘सरी’ म्हणजे बरं आणि ‘स्वल्प’ म्हणजे जरा, इतके मुरलेत की निपाणीला गेल्यावरही निघत नाहीत. काका वारले. तिचा मुलगा मकरंददादा होसकोट्याच्या एका कारखान्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी सहाला घर सोडतो आणि अंधार पडल्यावर येतो. दिवसभर आत्याजवळ शांतव्वा असायची. ती चिकोडीकडची, आमच्याच बाजूची, म्हणून आत्याला तिचा लळा. आत्याला साखरेचा त्रास, हल्ली विसरायलाही होतं. सकाळी आठला शांतव्वाने येऊन तिला गोळ्या द्यायच्या, लगेच नाश्ता द्यायचा. सगळा दिवस त्या आठवर उभा होता.

दादाने कॅमेरा आणला तेव्हा मी त्याला भाषण दिलं. माणसावर विश्वास ठेवता येत नसेल तर माणूस ठेवू नये, वगैरे. तो हसला. म्हणाला, “भाषण नंतर. आधी स्टुलावर चढ. आमच्या घरची इंजिनिअर तू.” मग काय झालं? चढले की! कौतुक कुणाला नको असतं? दाराबाहेर, जिन्याच्या तोंडावर कॅमेरा बसवला. मनाची समजूत घातली की आत नाही ना लावला, बाहेरच आहे.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. मग दादाने इंटरनेटचं कनेक्शन बदललं आणि कॅमेरा बंद पडला — लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. पुन्हा मला बोलावणं. नव्या वायफायचा जो वेगवान बँड होता तो त्या कॅमेऱ्याला ओळखताच येत नव्हता, हे कळेपर्यंत माझा अर्धा रविवार गेला. शेवटी केसातली पिन काढली, मागच्या बारीक भोकात दाबून धरली, सगळं पुसून नव्याने सुरू केलं. फोनवर एकेक पान येत गेलं आणि मी न वाचता ‘पुढे’, ‘पुढे’ करत गेले. आत्याने ताटं वाढली होती. त्यातलं एक पान घड्याळाचं होतं. कुठल्या देशाची वेळ, ते विचारणारं. पहिल्या वेळी मी ते भरलं होतं. या वेळी भरलं नाही, आणि कॅमेऱ्याने आपल्या कारखान्याच्या देशाची वेळ धरली. आपल्यापेक्षा अडीच तास पुढची.

ही चूक. ही कुणाकडूनही होते. हा कबुलीजबाब या चुकीचा नाही.

नंतर आत्याची साखर वरखाली होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणि नाश्त्याची वेळ पाळली जात नसणार. दादाच्या कारखान्यात फोन फाटकावरच ठेवून घेतात, त्यामुळे दिवसा त्याला कॅमेरा बघताच यायचा नाही. मग एका रविवारी तो चहाचा कप घेऊन बसला आणि आठवडाभराच्या क्लिपा काढून बघू लागला. मी जेवायला गेलेलीच होते.

“हे बघ,” तो म्हणाला. “हे बघ बाईसाहेबांचं येणं.”

शांतव्वा जिना चढून येताना दिसत होती. हातात पिशवी, पदर खोचलेला. कोपऱ्यात वेळ — साडेदहा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आत्याच्या जिन्यात ऊन येत नाही, दिवसाही ट्यूब लागते. उजेडावरून वेळ कळायची सोय नाही.

आत्या आतून म्हणाली, “अरे, ती येते रे वेळेवर. स्वल्प तिचंही ऐक.”

“आई, काल रात्री काय जेवलीस ते सांग बघू.”

आत्याला आठवत नव्हतं. एका बाईची साक्ष अशी निकालात निघाली — एका क्षणात, हसत हसत, पोटच्या मुलाकडून. मला चीड आली का? आली. मी काय म्हटलं? मी म्हटलं, “यंत्राला काय, दादा, कुणाशी वैर नसतं.” मी! पाळतीविरुद्ध लेख लिहिणारी!

दादाने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर.

“मी आठलाच येते की ओ, दादा,” शांतव्वा म्हणाली. “आईंना इचारा. एक दिस उशीर केलेला न्हाई.”

“कॅमेऱ्यात दिसतंय सगळं.”

“क्यामेऱ्यात काय दिसतंय ते मला कसं कळावं? मी आठला येते.”

“मग कॅमेरा खोटं बोलतोय का?”

मग ती म्हणाली, “मी तरी कशाला बोलू ओ खोटं?”

दादा दही आणायला खाली गेला. फोन माझ्या हातात देऊन गेला — “सगळं नीट चालतंय ना, बघून ठेव.” मी मागच्या क्लिपा बघू लागले. आणि तिसऱ्याच क्लिपेत दादा स्वतः दिसला. डबा घेऊन, बूट घालत, कामाला निघालेला. कोपऱ्यात वेळ — साडेआठ.

दादा सहाला निघतो. साडेआठला तर तो कारखान्यात कामाला उभा असतो.

मला कळलं. लगेच कळलं, पुरतं कळलं. पिन, ते भोक, न वाचलेलं पान — सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. संध्याकाळची क्लिपही काढून बघितली. पाचला जाणारी शांतव्वा तिथे साडेसातला निघताना दिसत होती, रोजच. तिचं उशिरा येणं दादाने चिकाटीने शोधून काढलं होतं. तिचं उशिरा जाणं त्याच कॅमेऱ्यात, त्याच मेमरी कार्डावर पडून होतं, आणि ते उघडून बघावं असं कुणाला वाटलं नव्हतं. का वाटावं? कामवाली बाई जास्त थांबते का हे बघायला कोण कॅमेरा लावतं?

हे सगळं मला त्या सोफ्यावर बसल्या बसल्या सुचलं. अगदी याच शब्दांत. लेखासाठी चांगलं वाक्य आहे, असंही वाटलं. आणि दादा दही घेऊन दारात आला तेव्हा मी काहीच बोलले नाही.

का? तुम्हाला मोठं कारण हवं असेल. मोठं कारण नाही. दादा काय म्हणेल ते मला स्पष्ट ऐकू येत होतं — “जगाला अक्कल शिकवतेस, आणि तुला एक कॅमेरा धड लावता येत नाही!” एवढंच. एका टोमण्याची भीती. तो टोमणा त्याने जेवताना मारला असता आणि हात धुवेपर्यंत विसरलाही असता.

आणि गप्प बसून थांबले असते तरी एक वेळ — पण मी थांबले नाही. तो ताटं घेत होता तेव्हा मी त्याच्याच फोनवरून कॅमेऱ्याचं घड्याळ सरळ केलं. गुपचूप. मला वाटलं, उद्यापासून आठ दिसेल, प्रकरण मिटेल, कुणाला काही कळायचं नाही. किती सोयीचा न्याय!

सोमवारी शांतव्वा आठला आली. नेहमीसारखीच. रात्री दादाने क्लिप बघितली आणि मला फोन केला. आवाजात विजय होता.

“बघितलंस? एकदा कान उपटला तर बरोब्बर आठला हजर! म्हणजे येता येत होतं की तिला!”

मी सरळ केलेलं घड्याळ तिच्या गळ्याला लागलं. कालपर्यंत कॅमेऱ्याविरुद्ध तिचा शब्द होता. आता तिचं वेळेवर येणंही तिच्याविरुद्ध गेलं. मला तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, “हं.”

इतके दिवस मुद्दाम उशीर करत होती असं ठरवून त्याने तिला काढलं. तेवढ्यावर भागलं नाही — साडेदहाची क्लिप त्याने आसपासच्या घरांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, ‘सावध राहा’ असं वर लिहून. त्या गल्लीत पाचनंतरची तिची आणखी दोन कामं होती. तीही गेली. एकानेही तिला काही विचारलं नाही. या शहरात स्वतःला सुशिक्षित म्हणवणाऱ्यांना एका बाईची भाकरी तोडायला अर्ध्या मिनिटाची क्लिप पुरते, आणि खाली अंगठे दाखवायला सगळे तयार! हे वाक्य माझ्याच लेखातलं आहे. हो, मी त्यावर लेख लिहिला. नाव बदलून, गाव बदलून. मालकवर्गावर आसूड ओढले, यंत्रावर ओढले. फोनवर ‘हं’ म्हणणारी त्यात नव्हती. इथल्या मराठी मंडळींच्या एका बैठकीत तो वाचला तेव्हा दोघीतिघींचे डोळे भरून आले. वडिलांनी निपाणीहून फोन केला. म्हणाले, “खाली नाव दिलंस ना?”

“दिलं,” मी म्हटलं. दिलंच होतं. लेखकाच्या जागी.

आत्याच्या साखरेचं खरं कारण नव्या बाईने आठवड्याभरात शोधलं. तांदळाच्या डब्यामागे म्हैसूरपाकाचा पुडा होता. समोरच्या दुकानातल्या अण्णाला हाक मारून आत्या तो दोरीच्या टोपलीतून वर घ्यायची. दादा पोट धरून हसला. “चोर आमच्या घरातच निघाला!” म्हणाला. शांतव्वाचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. माझ्याही नाही. आत्याच अधूनमधून दाराकडे बघून विचारते, “शांतव्वा का येईना गं?” आम्ही सांगतो, गावाला गेलीय. हेही खोटं, आणि यात मी दादाच्या जोडीला आहे.

मागच्या महिन्यात ती मला भेटली. बस थांब्यावर, भर दुपारी. मी तिला आधी बघितलं आणि रस्ता ओलांडून निघून जाणार होते, तेवढ्यात तिने हाक मारली. “तायी! आई बऱ्या हाईत का ओ? गोळ्या घेत्यात का टायमावर?” मी हो म्हटलं. ती आता लांब दुसऱ्या भागात कामाला जाते, दोन बस बदलून. मग तिने डावा हात पुढे केला. मनगटावर घड्याळ होतं, नवं, काळ्या पट्ट्याचं.

“लेकीनं घिऊन दिलंय. आता दारात पाय ठिवायच्या आधी मालकिनीला दावते — बघा बाई, किती वाजलेत, तुम्हीच सांगा. पुन्हा कटकट नको.” ती हसली. मग म्हणाली, “जरा बघा की, बरोबर हाय का. तुम्हाला यातलं कळतंय.”

मी फोन काढला. तिचं मनगट धरून दोन्ही घड्याळं मिळवून बघितली.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

तिची बस आली. ती चढली. मी एवढंच बोलले होते.

हा मजकूर छापून येईल तेव्हा तो त्या व्हॉट्सॲप गटावरही जाईल — मराठीत आणि कन्नडमध्येही, जिथे तिची क्लिप गेली होती तिथेच. दादालाही तो तिथेच वाचायला मिळेल. तळाशी माझं नाव असेल, या वेळी योग्य जागी. कॅमेऱ्याचं घड्याळ मी बिघडवलं. ते बिघडलंय हे मला कळलं होतं. मी ते लपवलं, आणि लपवण्यासाठीच दुरुस्त केलं.

शांतव्वा आठला यायची. रोज.